चालू झालं म्हणजे बरोबर झालं काय?

मंडळाच्या या अंकासाठी ‘मी शिकलेला एक धडा’ असा विषय मिळाला, तेव्हा बहुतेकांनी पुस्तकांतले धडे निवडले. माझा धडा बोनेटखाली मिळाला. त्याची लाज वाटते, म्हणूनच तो नीट सांगते.

आमच्या घरी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तिचं मूळ 1089 सीसीचं इंजिन पार थकलं होतं. बाबांनी दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीचं पेट्रोल इंजिन मिळवलं. आरटीओची परवानगी काढली. (मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करायला परवानगी लागते, आणि आरसी बुकातही नोंद करावी लागते.) मिस्त्रींनी इंजिन बसवलं. वायरिंग तेवढं राहिलं होतं. मिस्त्री दोन दिवस गावाला जाणार होते, आणि मी बी.एस्सी. फिजिक्सची! म्हटलं, “बाबा, इग्निशनचं मी करते. चार वायरी तर आहेत.”

खरंच फार काम नव्हतं. चाबीकडून आलेली जुनी वायर नव्या कॉइलच्या प्लसला लावली. मायनसची वायर डिस्ट्रिब्युटरला. स्पार्क प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने, रोटर ज्या दिशेने फिरतो ती दिशा बघून. सेल्फ मारला, इंजिन लगेच चालू! बाबांनी पाठ थोपटली. मी फोटोसुद्धा काढले.

चार दिवसांनी आजीला घेऊन आम्ही साखळीला निघालो. जुलैचा पाऊस. चोर्ला घाटात एका वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागून ट्रक येत होता. त्याने करकचून ब्रेक मारला, आणि तो आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. आजीने माझा दंड धरला होता. तिची बोटं किती गार पडली होती ते मला अजून आठवतं. कोणाला काही झालं नाही. बोनेट उघडून कॉइलला हात लावला तर चटका बसला. अर्ध्या तासाने कॉइल गार झाल्यावर गाडी चालू झाली. आम्ही परत फिरलो, पण वाटेत ती आणखी दोनदा थांबली.

मिस्त्री आले. त्यांनी आधी काही विचारलं नाही. फडक्याने कॉइल पुसली. काजळीखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती : बाहेरचा रेझिस्टर लावूनच वापरा.

“हे वाचलीस काय?”

“नाही. पण काका, गाडी चालू झाली होती की!”

“चालू झालं म्हणजे बरोबर झालं काय गं?”

मग त्यांनी मला मल्टिमीटर दिला. आता त्यातलं फिजिक्स.

कॉइल म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन हेच त्याचं तत्त्व. आतल्या जाड तारेच्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. तीच प्लगमधली ठिणगी. चार्ल्स केटरिंगची ही बॅटरी-कॉइलची पद्धत कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे कित्येक दशकं चालली.

आमच्या जुन्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजला तर 3 ओहम निघाला. नव्या कॉइलचा फक्त 1.5 ओहम. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे साधारण 14 व्होल्ट मिळतात. ओहमच्या नियमाने जुन्या कॉइलमधून 14 भागिले 3, म्हणजे सुमारे 4.7 अँपिअर जायचे. नवीतून 9.3 जात होते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा जुन्या गाडीत त्या जागी 1.5 ओहमचा रेझिस्टर असताना या कॉइलमध्ये जेवढी उष्णता तयार होत असेल, तिच्या चौपट मी तयार करत होते. पॉइंट काढून पाहिले, तर तेही जळून निळे-काळे पडले होते. हा नियम मी परीक्षेत दोनदा लिहिला होता, दोन्ही वेळा पूर्ण मार्क.

मूळ गाडीत कॉइलच्या आधी 1.5 ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर होता. इंजिन आमच्याकडे आलं, पण रेझिस्टर बॉडीला लावलेला असल्यामुळे तो जुन्या गाडीतच राहिला. मी तो बसवला. दोन्ही मिळून पुन्हा 3 ओहम.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालूच होईना. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर इतका प्रवाह ओढते की बॅटरी 9 व्होल्टपर्यंत खाली येते. 9 भागिले 3 म्हणजे फक्त 3 अँपिअर, ठिणगी अगदीच कमजोर. म्हणूनच कंपनीने कमी रोधाची कॉइल दिलेली असते : सेल्फ मारताना रेझिस्टर टाळून थेट बॅटरीचा पुरवठा द्यायचा, म्हणजे 9 भागिले 1.5, पूर्ण 6 अँपिअर मिळतात. इंजिन चालू झालं की पुन्हा रेझिस्टरमधून.

हा थेट पुरवठा द्यायला मी सेल्फची वायर सरळ कॉइलच्या प्लसला जोडायला निघाले, तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. “थांब की. चाबी सोडल्यावर करंट कुठं जाईल ते बघ आधी.” बरोबर होतं. चाबी सोडल्यावर कॉइलकडचा प्रवाह त्याच वायरने उलटा सोलेनॉइडकडे गेला असता आणि सेल्फ सुटला नसता. आमच्या सोलेनॉइडला कॉइलसाठीचं वेगळं टर्मिनल नव्हतं, म्हणून रिले लावला. सेल्फच्या वायरीने फक्त रिले चालतो. बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेला पुरवठा रिले कॉइलला देतो. चाबी सोडली की हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद.

कोणी इंजिन बदललं असेल तर सेल्फ मारण्याआधी एवढं तपासा :

एक, कॉइलवरची अक्षरं वाचा आणि वायरी सोडवून तिचा रोध मोजा.

दोन, चाबीची वायर सेल्फ मारतानाही जिवंत राहते का, ते टेस्ट लॅम्पने बघा. काही वायरी फक्त रेडिओपुरत्या असतात आणि सेल्फ मारताना बंद पडतात.

तीन, इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये जाड अर्थिंगची पट्टी आहे का? नसेल तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

चार, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा आणि कागदावर आकृती काढा. उद्या दुसरं कोणी बोनेट उघडेल, त्यालाही वाचता आलं पाहिजे.

पाच, चालू झाल्यावर अर्धा तास जागेवरच चालू ठेवा. कॉइल कोमट असावी, हात ठेवता आला पाहिजे. घरातल्या माणसांना त्यानंतरच बसवा.

आपल्या मंडळात आपण कवितेच्या एका शब्दावर तासभर बोलतो. मी मात्र कॉइलवरची एक ओळ पुसून वाचली नाही, कारण गाडी चालू झाली होती आणि सगळे शाबासकी देत होते.

गेल्या महिन्यात पुन्हा साखळीला जायचं ठरलं. आजी दारात उभी राहिली, गाडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“ह्या वेळी नीट बघितलीस न्हवं?”

मी तिला आकृतीचा कागद दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नसेल. पण तिने तो दोन्ही बाजूंनी बघितला, घडी करून माझ्या हातात दिला आणि मागच्या सीटवर बसली.