गटात नवी माणसे येतात तेव्हा
अभ्यासपाठ : प्रेषितांची कृत्ये 6:1-7



हा उतारा आपण बहुधा सेवकांच्या निवडीसाठी वाचतो. या वेळी पहिल्याच वचनावर थांबू. शिष्यांची संख्या वाढत होती आणि त्याच दिवसांत कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. कोणी मुद्दाम वगळले, असे तिथे म्हटलेले नाही. माणसे थोडी असताना कोणाची चूल पेटली नाही हे सर्वांना ठाऊक असते. माणसे वाढली, बदलली की ते ठाऊक असणेच संपते.

कळंब तालुक्यातील गावांत आणि कोलाम पोडांवर बचत गटांचेही असेच होते. गटात दहा ते वीस बाया. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री पाठ असते. मग एखादी कामासाठी बाहेरगावी जाते, सासूच्या जागी सून येते. कापूस विकल्यावर कोणाचा हप्ता नक्की येईल हे जुन्यांना माहीत असते, म्हणून त्या थांबतात. सुनेला ही सवलत दिसते आणि स्वतःला लागलेला दंड दिसतो. जुन्यांची बचत मोठी, कर्जातही त्यांचाच नंबर आधी. मग हिने वेळेवर का यावे? "नव्या बायायले शिस्तच नाही," अशी तक्रार येते. मला ती पटत नाही. तिने नियम मोडलेला नसतो, तो तिच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. ठरावाची वही वाचून दाखवली तरी तो का केला हे वहीत नसते.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते आणि अभ्यास गटांत चर्चा होते. वेळ फार जातो, खरे. पण नुकताच अठरा वर्षांचा झालेला मुलगा किंवा लग्न होऊन आलेली सून यांना हात मोजून बाजूला सारता येत नाही. त्यांना समजवावे लागते, त्यांचे ऐकावेही लागते.

आता यरुशलेमेतील सात नावे पाहा. सातही ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी मत नव्याने स्वीकारलेला. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले.

चर्चेसाठी : आपल्या महिला मंडळात गेल्या दोन वर्षांत आलेल्या भगिनींपैकी कोणाकडे पेटीची चावी किंवा हिशेबाची वही आहे? नसेल, तर पुढच्या बैठकीत कोणाकडे द्याल?