नर्स प्रॅक्टिशनर : अधिकार किती आणि कोणाचा?

गेल्या दिवाळीत भोपाळला मावशीकडे गेलो होतो. तिचे घर साकेत नगरात, एम्सच्या जवळ. मावशीची मुलगी बी. एस्सी. नर्सिंग करून एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. पुढे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ व्हावे की नाही, यावर घरात वाद चालला होता.

मी विचारले, “ताई, म्हणजे तू अर्धी डॉक्टर होणार?”

“अर्धी-बिर्धी काही नाही रे. नर्सच राहणार. पण काही गोष्टींसाठी थांबावं लागणार नाही.”

(आमच्या कन्नड विभागातले मित्र नर्सला ‘दादी’ म्हणतात. तो शब्द तिथे माझ्या तोंडून निघाला आणि मावशीच्या सासूबाईंनी वळून पाहिले!)

थांबणे म्हणजे काय, ते तिने सांगितले. एका रात्री रुग्णाचा रक्तदाब घसरत होता. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर गुंतलेले. औषध पंपातून चालूच होते, पण मात्रा वाढवायला फोनवरून होकार यायला वीस मिनिटे लागली. रुग्ण वाचला. ताई ती वीस मिनिटे विसरलेली नाही.

मी पडलो वाणिज्य शाखेचा. मला करार कायदा आठवला. प्रतिनिधीला मालकाने दिला तेवढाच अधिकार. तरी १८७२ च्या कायद्याचे कलम १८९ सांगते, की आणीबाणीत मालकाचे नुकसान टाळण्यासाठी सुज्ञ माणूस स्वतःच्या बाबतीत करील ते प्रतिनिधीला करता येते. अतिदक्षता विभागात आणीबाणी रोजचीच, म्हणून तिथे अधिकार आधीच लिहून ठेवावा लागतो.

भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षतेसाठीचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. शिक्षण वर्गापेक्षा वॉर्डात जास्त. रुग्ण तपासणे, चाचण्या सांगणे, औषधाची मात्रा बदलणे, हे सारे संस्थेने मंजूर केलेल्या लेखी नियमावलीत बसत असेल तर तिला करता येते. शस्त्रक्रिया नाही, नियमावलीबाहेरचे औषध नाही. साडेचार वर्षे एम. बी. बी. एस. आणि वर्षभर इंटर्नशिप केलेल्या डॉक्टरचा अधिकार त्याच्या नोंदणीबरोबर फिरतो; हिचा रुग्णालयाच्या दाराशी संपतो. मला खरा फरक इथे वाटतो, ज्ञानाचा त्यानंतर.

अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी असा पहिला अभ्यासक्रम काढला. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय निदान करते, औषधे लिहून देते. तो अधिकार राज्याच्या कायद्याने दिलेला, मालकाने नव्हे.

काकांचा प्रश्न मला रास्त वाटला. दोन वर्षे घालवून परत आल्यावर पगारपत्रकात पद कोणते? ताईच्या रुग्णालयात तर त्या नावाचे पदच नाही. काकांनी वहीत हिशेब मांडला होता, गेलेला पगार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काय लिहायचे ते त्यांनी मला विचारले. मी ‘वीस मिनिटे’ म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवले, पण आकडा काही लिहिला नाही.

ताईने अर्ज आणून ठेवला आहे. मी निघालो तोवर तो कोराच होता.