काशीत भेटलेला चुलतभाऊ

परमुलखात आपली बोली कानावर पडली की माणूस निम्मा सैल होतो, आणि कोणी 'दादा' म्हटलं की उरलेला निम्मा. केडगावात एखादा येऊन "मी तुमच्या भावकीतला" म्हणाला, तर पारावरचे म्हातारे त्याला आजोळापासून सोयरिकीपर्यंत सगळं विचारून घेतील. दशाश्वमेध घाटावर विचारणारं कोणी नसतं.

प्रस्तुत लेखक दौंड तालुक्यातल्या केडगावचा. गावात हल्ली त्याची ख्याती 'माणूसघाणा' अशी आहे. ती कशी झाली, हे एकदा छापून यायलाच हवं.

थोरले चुलते नाना घर सोडून का गेले, ते भावकीला ठाऊक आहे. उगाळण्यात अर्थ नाही. लेखक सपत्नीक काशीला गेला होता, तेव्हा घाटावर गंध लावलेला पन्नाशीचा एक गृहस्थ मराठी ऐकून जवळ आला. गाव विचारलं. मग म्हणाला, "तुमच्यातले एक जण फार पूर्वी घर सोडून गेले होते ना?" लेखकाच्या सौभाग्यवतींच्या तोंडून निघालं, "कोण, नाना?" झालं! त्याचे डोळे भरून आले. "मी त्यांचाच मुलगा, दादा. तुमचे कान अगदी आमच्या वडिलांसारखे आहेत."

कोणत्या भावकीतून कोणी परागंदा झालेलं नसतं? नाव त्याने सांगितलं नव्हतं, त्याला पुरवलं गेलं होतं.

लेखकाने त्याला पोटभर कचोरी खाऊ घातली. खाता खाता तो रंगात आला. वडील केडगावच्या खूप आठवणी सांगायचे म्हणे. नवरात्रात घरून पायी देवीला जायचे, डोंगरावर रेणुकामातेचं केवढं देऊळ! इथे लेखकाचा हात ताटातच थांबला. केडगावची ती देवी अहिल्यानगरजवळच्या केडगावची. दौंडच्या केडगावातून गेलेल्या माणसाच्या आठवणीत रेल्वे स्टेशन येईल, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन येईल, नारायण महाराजांचं बेट येईल. लेखकाने एवढंच म्हटलं, "चला, उपाध्यायांकडे जाऊ, त्यांच्याकडच्या आपल्या घराण्याच्या नामावळीत नानांच्या खाली तुमचं नाव लिहून घेऊ." गृहस्थाला एकाएकी ऊन सोसेना.

प्रकरण इथेच मिटायचं. पण तेवढ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला, सौभाग्यवतींनी बातमी सांगितली आणि तिकडून हट्ट सुरू झाला, "त्याच्याकडे फोन द्या." देवीचा घोळ लेखकाने सांगून पाहिला. उत्तर आलं, "तू सगळीकडे पोलीसच असतोस. रक्त रक्ताला ओळखतं." मुगलसरायला आपली बॅग चोरीला गेल्याचं त्या गृहस्थाने फोनवर सांगताच रक्ताने रात्रीच पंधरा हजार रुपये मोबाईलवरून पाठवले. सकाळी त्याचा नंबर बंद.

अशा ओळखीला आपल्याकडे जुना दाखला आहे. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उभा राहिला. चौकशीत तो सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला आणि कैदेत गेला. पण नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुणे दरबाराची घडी विस्कटली होती. १७७६ साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडवलं आणि बघता बघता कोकण त्याच्यामागे गेलं. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना फौज घेऊन जावं लागलं, तेव्हा बंड मोडलं. त्याच वर्षी पुण्यात तोतयाला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. चौकशी आधीच झालेली होती, निकालही लागला होता. तरी ज्यांना भाऊसाहेब हवेच होते, त्यांनी तो ऐकला नाही. चुलतभावाला ही गोष्ट सांगितली, तर म्हणे, "तू पेशवा आहेस का?"

उलटही घडतं, हे कबूल. बंगालात भावलच्या जमीनदार घराण्यातला मृत मानलेला कुमार १९२१ च्या सुमारास संन्यासी होऊन परतला; त्याच्या बायकोने ओळख नाकारली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४६ साली निकाल संन्याशाच्या बाजूने लागला. पण त्यासाठी अंगावरच्या खुणांपासून हस्ताक्षरापर्यंत सगळं तपासलं गेलं. खऱ्या नातेवाइकाला तपासणीचा राग आला, तरी तो पळून जात नाही.

तेव्हा प्रवासात असं कोणी भेटलं, तर नावं त्याला सांगू द्या. आपण 'कोण, अमके?' म्हणू नका. मुद्दाम एक खोटी आठवण काढा आणि तो मान डोलावतो का पाहा. गावी फोन करायचा तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला करा, चुलतभावाला नाही. जेवू घाला, लागलं तर तिकीट स्वतः काढून द्या, हातात पैसे देऊ नका. सामान सांभाळा, वगैरे आलंच. आणि पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तत्काळ फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. चुलतभावाने तो फोन केला नाही, कारण चार दिवस तो नेटवर्कलाच दोष देत होता.

पैसे आलेले नाहीत. लेखकाची माफीही कोणी मागितलेली नाही. उलट, "तूच त्याला घाबरवलंस म्हणून तो गेला," असा नवा मुद्दा भावकीत निघाला आहे. वाचकांनी मात्र पुढच्या वेळी काशीला किंवा त्र्यंबकला गेल्यावर उपाध्यायांच्या नामावळीत आपल्या नव्या पिढीची नावं भरून घ्यावीत. आमच्या भावकीने अजून भरलेली नाहीत.