युद्धालाही मर्यादा हवी

उत्तर इटलीत सोल्फेरिनो नावाचे एक लहानसे गाव आहे. २४ जून १८५९ रोजी त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ऑस्ट्रियाचे सैन्य एका बाजूस आणि फ्रान्स व सार्डिनिया यांची सैन्ये दुसऱ्या बाजूस उभी ठाकली. दिवसभर घनघोर लढाई झाली. सूर्य मावळेपर्यंत सुमारे ४०,००० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते.

जवळच्या कास्तिल्योने गावात जखमींच्या गाड्यांची रीघ लागली. चर्च, घरे, रस्ते सारे भरून गेले. डॉक्टर मात्र मूठभरच होते. हेन्री ड्युनांट हा जिनीव्हाचा ३१ वर्षांचा व्यापारी त्या वेळी कामानिमित्त तेथे आला होता. तो डॉक्टर नव्हता आणि सैनिकही नव्हता. पण ते दृश्य पाहून त्याला स्वस्थ बसवेना. त्याने गावकऱ्यांना हाक दिली. स्त्रिया जखमा धुऊ लागल्या. मुले कारंज्यावरून बादल्या भरभरून पाणी आणू लागली. हा आपला, तो शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही.

ड्युनांटने १८६२ मध्ये या अनुभवावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे साधे होते : जखमी होऊन पडलेला सैनिक लढू शकत नाही; मग त्याला शत्रू का म्हणावे? त्या विचारातून १८६३ मध्ये जिनीव्हा येथे रेडक्रॉस संस्थेचा पाया घातला गेला. १८६४ मध्ये १२ राष्ट्रांनी पहिला जिनीव्हा करार केला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांवर शस्त्र उगारू नये, असे त्यात ठरले. १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ड्युनांट व फ्रेडरिक पासी यांना विभागून देण्यात आले.

परंतु हा करार मुख्यतः सैनिकांसाठी होता. पुढे युद्धे रणांगण सोडून नगरांत शिरली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांहून अधिक सामान्य नागरिक मेले. तेव्हा १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार जिनीव्हा करार संमत झाले. त्यांतील चौथा केवळ नागरिकांच्या रक्षणासाठी आहे. रुग्णालयांवर हल्ला करू नये, कोणास ओलीस धरू नये, एकाच्या अपराधाबद्दल साऱ्या गावास शिक्षा करू नये, असे तो सांगतो. जिंकलेल्या प्रदेशातील लोकांना अन्न व औषधे मिळतील हे पाहणे, हे जेत्याचे कर्तव्य ठरते. युद्धात पोरकी झालेली १५ वर्षांखालील मुले वाऱ्यावर सोडू नयेत, असेही त्यात लिहिले आहे. भारताने १९५० मध्ये हे करार मान्य केले.

हे नियम आजही अनेकदा मोडले जातात. मग त्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. चोऱ्या होतात म्हणून चोरीविरुद्धचा कायदा आपण रद्द करतो काय? नियम आहे, म्हणूनच रुग्णालयावर बाँब टाकणाऱ्यास जगापुढे जाब विचारता येतो. नियम नसता, तर बलवानाची इच्छा हाच न्याय ठरला असता.

स्वाध्याय
१. कास्तिल्योनेच्या गावकऱ्यांनी जखमींना कशी मदत केली?
२. १८६४ च्या करारानंतर १९४९ मध्ये चौथ्या कराराची गरज का भासली?
३. ‘मोडला जाणारा नियमही निरुपयोगी नसतो.’ तुमचे मत लिहा.