प्रवाळ : दगड की प्राणी?



आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. मोठे पाणी म्हणजे आपल्याला सिद्धेश्वरचे नाहीतर इसापूरचे धरण माहीत. तरी प्रवाळ आपल्या घरात आहे बरं का! माझ्या आबांच्या अंगठीत मंगळासाठी बसवलेले तांबडे पोवळे आहे. तो एक खडा आहे, असेच मी समजत होतो. पण मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणला गेलो आणि तिथे माझ्या हातून, खरे म्हणजे पायातून, एक चूक झाली. म्हणून हा विषय मी गुरुजींना विचारून आणि वाचून समजून घेतला. तोच इथे लिहीत आहे.

माझे मामा सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिक्षक आहेत. त्यांनी मला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करायला नेले. स्नॉर्केलिंग म्हणजे अंगात तरंगण्याचे जाकीट घालायचे, डोळ्यांना काचेचा मोठा चष्मा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पालथे तरंगत पाण्याखाली बघायचे. श्वास नळीतून तोंडाने घ्यायचा. पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जातात ते स्कूबा डायव्हिंग. ते मी केले नाही.

पहिल्यांदा तर नाकात पाणी गेले. मी घाबरलो आणि खाली एक तपकिरी दगड दिसला त्यावर पाय टेकून उभा राहिलो. पायाखाली कट्‌कन आवाज झाला. होडीवाले काका वरून ओरडले, "झिला, पाय टेकव नको! तो दगड नाय, जिवंत आसा!"

मी पाय उचलला. खाली माझ्या तळहाताएवढा तुकडा मोडून पडला होता. आतून तो चुन्यासारखा पांढराफेक होता.

घरी आल्यावर आजीला सांगितले तर ती म्हणाली, "दगडाला कुठं जीव असतोय व्हय?" आजीचे बरोबरच आहे असे कुणालाही वाटेल. शेकडो वर्षे मोठमोठ्या विद्वानांनाही प्रवाळ ही वनस्पती वाटत होती. पण तो प्राणी आहे. एकटा नाही, हजारो प्राण्यांची वस्ती आहे. एकेक प्राणी तिळाएवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा, कुठे थोडा मोठा. शरीर छोट्या पिंपासारखे, वर एकच तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे मऊ तंतू. तंतूंनी तो पाण्यातले बारीक जीव पकडतो. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो आपल्या बुडाशी घर बांधतो. शेजारी दुसरा बांधतो, तिसरा बांधतो. भिंतीला भिंत लागते आणि खालून घर उंचावत जाते. मी ज्याला दगड म्हणालो तो असा वाडा होता. जिवंत भाग फक्त वरचा पातळ पापुद्रा, आत सगळा चुना. म्हणूनच नुसते हाताने घासले तरी त्याला इजा होते.

आता रंगाची गंमत ऐका. हा प्राणी स्वतः जवळजवळ पारदर्शक असतो. त्याच्या अंगात अगदी सूक्ष्म शेवाळ राहते, त्याचा तपकिरी-हिरवा रंग आपल्याला दिसतो. गुरुजींनी हे छान समजावले. आपल्याकडे बटईने शेत देतात ना, तसा हा व्यवहार. प्रवाळ शेवाळाला जागा आणि खत देतो. शेवाळ उन्हाच्या मदतीने साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचे बरेचसे पोट याच वाट्यावर भरते. शेवाळाला ऊन लागते, म्हणून असे प्रवाळ उथळ आणि स्वच्छ पाण्यात वाढतात. मोठी नदी जिथे गाळ आणून टाकते तिथे त्यांचे जमत नाही. (आपली कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे आपले पाणी मालवणला जात नाही, पार पलीकडे बंगालच्या उपसागरात जाते. वर्गात दोघांत यावर पैज लागली होती म्हणून लिहिले.)

समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा व्यवहार मोडतो. प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे लगेच मेला असे नाही, पण तो उपाशी आहे. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते, नाहीतर तो मरतो. १९९८ साली जगभर असे झाले, तेव्हा लक्षद्वीपचे पुष्कळ प्रवाळ मेले. २०१५ च्या अखेरीस मालवणचे प्रवाळही पांढरे पडले होते.

मग पाण्यात दगड कोणता आणि प्रवाळ कोणता, हे ओळखायचे कसे? सिनेमात लाल-निळ्या बागा दाखवतात, तसले काही शोधू नका. हळकुंडासारख्या फांद्या फुटलेले प्रवाळ अंदमान, लक्षद्वीपकडे खूप आहेत. मालवणला बहुतेक गोळ्यासारखे किंवा खडकावर पसरलेले, रंगाने मातकट. माझी फसगत त्यामुळेच झाली. खूण अशी, की प्रवाळावर सगळीकडे सारखी नक्षी असते. साधा खडक ओबडधोबड असतो. एका जातीवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोके असतात, दुसरीवर मधाच्या पोळ्यासारखी घरे. एक जात द्रोणासारखी वाकलेली पाने काढते. सगळ्यात सुंदर ती जिचे प्राणी दिवसाही बाहेर येऊन शेवंतीच्या फुलांसारखे डुलतात. त्यातल्या प्रत्येकाला २४ तंतू असतात म्हणे. मला काही मोजता आले नाहीत! शंका आली तर तो प्रवाळच आहे असे धरून चालायचे, असे मामा म्हणाले.

उभे राहायचे नाही, हे तर मी शिकलोच. पायात पोहण्याची पंखे असली तर तळाशी जोरात मारू नयेत. वाळू उडते, प्रवाळावर बसते आणि त्याचे ऊन अडते. दमलो तर होडीची दोरी किंवा रबरी टायर धरावे. नांगर वाळूत टाकावा, प्रवाळावर नाही. मासे जवळ यावेत म्हणून काही लोक पाव टाकतात. मजा वाटते, मलाही वाटली. पण काही मासे खडकावरचे शेवाळ खातात, म्हणून प्रवाळाला जागा मोकळी मिळते. पाव खाऊन त्यांचे पोट भरले तर ते काम कोण करणार? उन्हासाठी अंगाला लावायच्या काही मलमांतली औषधेही प्रवाळाला बाधतात. हवाई बेटांत त्यांतल्या दोन औषधांच्या मलमांच्या विक्रीला बंदी करणारा कायदा २०१८ साली झाला आणि २०२१ पासून लागू झाला. मला मामांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच पाण्यात उतरवले होते, मलमाचा प्रश्नच आला नाही.

मी मोडलेला तुकडा घरी आणावा असे मला फार वाटत होते. शाळेच्या कपाटात ठेवता आला असता. काका म्हणाले, तसे करता येत नाही. ते खरे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे आणि त्याच अनुसूचीत हे कठीण प्रवाळही आहेत. २००१ साली त्यांची नावे त्यात घातली. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्याचे बांधकाम सुरू केले तो सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात येतो. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, त्यावरही प्रवाळ आहेत. त्याचे नाव आंग्रिया बँक, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेले.

आबांच्या अंगठीतले पोवळे मात्र मालवणचे नव्हे. तांबडे पोवळे ही निराळी जात, ती मुख्यतः युरोपजवळच्या भूमध्य समुद्रात होते. तिच्या प्राण्याला आठच तंतू. पण पोवळे हाही प्राण्याने बांधलेला सांगाडाच. आबांना सांगितले तर ते अंगठी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत बसले.

गोळ्यासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, कधी त्याहून कमी. शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी आमची उंची लिहून ठेवली आहे. मी एका वर्षात सहा सेंटीमीटर वाढलो. मी मोडलेला तुकडा पट्टीने मोजला असता तर तो किती वर्षांचा होता हे सांगता आले असते. मला वाटते, माझ्या वयाचा तरी असावा.

उन्हाळ्यात मी मामांना फोन करून सांगितले, की काकांना त्या जागेचे विचारा. काकांना जागा पक्की आठवत होती. मोडल्या ठिकाणी हिरवे शेवाळ धरले आहे, पण कडेचा भाग जिवंत आहे, असे त्यांनी सांगितले. त्या कडेवरून प्रवाळ पुन्हा आत सरकू शकतो. पुढच्या दिवाळीत मी परत विचारणार आहे.