मोरचूद : माशांचे औषध आणि पाण्याचे मोजमाप

बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद हे द्रव्य दक्षिण महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. हेच ताम्रयुक्त द्रव्य काचटाकीतील शोभिवंत माशांच्या काही परजीवी रोगांवरही उपयोगी पडते. मात्र येथे औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडे अंतर असते. ते अंतर टाकीतील पाणी ठरविते.

रोगाची ओळख

माशांच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले, मासे दगडांवर अंग घासू लागले, की ‘पांढऱ्या ठिपक्यां’चा रोग जडल्याचे समजावे. हा एकपेशीय परजीवी त्वचेखाली वाढतो, पक्व होताच गळून तळाशी जातो आणि तेथे त्याची शेकडो पिल्ले तयार होतात. त्वचेखालील परजीवीला तांबे मारू शकत नाही. पाण्यात पोहणारी पिल्लेच त्याने मरतात. म्हणून ठिपके नाहीसे झाले तरी उपचार लगेच थांबवू नयेत. माशांची ऊ मात्र डोळ्यांना दिसते व तिच्यावर मोरचूद हा उपाय नव्हे.

शिरोळ तालुक्यातील पाणी

पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट तांब्याला बांधून ठेवतात. त्यांच्या प्रमाणास अल्कता म्हणतात. अल्कता कमी असेल तर तांबे माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते; अधिक असेल तर औषध निष्प्रभ होते. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो. पावसाळ्यातील नदीचे पाणी आणि काळ्या जमिनीतील विहिरीचे पाणी यांची अल्कता सारखी नसते. त्यामुळे एका घरी लागू पडलेली मात्रा शेजारच्या घरी मासे मारू शकते. तालुक्यास क्षारपड जमिनीचा प्रश्न परिचित आहे. परंतु पाण्याचा खारेपणा म्हणजे अल्कता नव्हे. चवीवरून अंदाज बांधू नये.

मात्रेचे गणित

लिटरमागे अल्कता जितके मिलिग्रॅम, त्यास १०० ने भागावे. येणारा आकडा ही लिटरमागे मोरचुदाची कमाल मात्रा होय. अल्कता ५० पेक्षा कमी असल्यास मोरचूद वापरूच नये. ती कितीही अधिक असली तरी अडीच मिलिग्रॅमपुढे जाऊ नये. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीत ३० सेंटिमीटर उंच पाणी असेल, तर ते ५४ लिटर भरते. अल्कता १०० असल्यास ५४ मिलिग्रॅम मोरचूद लागेल. इतके वजन साध्या तराजूवर होत नाही. म्हणून एक ग्रॅम शुद्ध मोरचूद एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे व त्यातील ५४ मिलिलिटर घ्यावे. निम्मे पहिल्या दिवशी द्यावे. मासे नीट असल्यास उरलेले दुसऱ्या दिवशी द्यावे.

दक्षता

उपचार वेगळ्या टाकीत करावेत. गोगलगायी व कोळंबी तांब्याने मरतात. पाणवनस्पतींनाही इजा होते. गाळणीतील कोळसा तांबे शोषून घेतो, म्हणून उपचाराच्या काळात तो काढावा व नंतर पाणी शुद्ध करण्यासाठी पुन्हा घालावा. हवेचा पंप चालू ठेवावा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागल्यास बरेचसे पाणी तात्काळ बदलावे. वापरलेले पाणी विहिरीत, तळ्यात वा जनावरांच्या हौदात सोडू नये. मेंढ्यांना तांबे विशेष बाधते.

नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवल्यास बहुधा औषधाची वेळच येत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमधील पाणी तपासणी संचात अल्कतेची चाचणी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी असलेला हा संच ग्रामपंचायतीने शाळेस वापरावयास दिल्यास विद्यार्थ्यांना गणित व विज्ञान यांचा एकत्रित पाठ मिळेल आणि टाकीतील मासेही वाचतील.