हात जरा उशिरा पुढे करा

शाळा सुटताना फाटकाशी तुम्ही विचारता, "ताई, आज काय शिकला?" आणि आम्ही म्हणतो, "छान होता आज." रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात, तुम्हाला घर गाठायचं असतं, आम्हाला वर्ग आवरायचा असतो. या प्रश्नोत्तरातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. तेव्हा आज घाई बाजूला ठेवून बोलू या. मी नाशिकमध्ये विशेष मुलांना शिकवते, आणि मला तुमच्याकडून सगळ्यात आधी एक गोष्ट हवी आहे. ती ऐकायला सोपी आहे, करायला फार अवघड.

पॅन्ट घालण्याचंच घ्या. तुमच्या-माझ्यासाठी ते एक काम. आमच्या वर्गात त्याचे तुकडे पडतात. खाली बसायचं, पॅन्टची पुढची बाजू ओळखायची, एक पाय घालायचा, मग दुसरा, गुडघ्यापर्यंत ओढायची, उभं राहायचं, मांड्यांवरून वर न्यायची आणि शेवटी कमरेवर बसवायची. शिकवताना आम्ही उलटीकडून निघतो. आधीचं सगळं ताई करून देते आणि शेवटची, कमरेवर ओढायची पायरी तेवढी मुलासाठी ठेवते. तो ओढतो, काम पुरं होतं, ताई म्हणते, "झालं! तू केलंस!" काम आपल्या हातून संपलं याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. सुरुवातीपासून शिकवलं असतं, तर पाय घालतानाच तो रडला असता, आणि शेवट त्याच्या वाट्याला आलाच नसता. ही शेवटची पायरी पक्की झाली की तिच्या आधीची. असं करत करत मागे यायचं. कुणाला याला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष.

या सगळ्यात ताईचा हात काय करतो, ते कधी पाहिलंय का? आधी तो मुलाच्या हातावर असतो. मग मनगटावर येतो. मग कोपराला नुसता स्पर्श. मग स्पर्शही नाही, फक्त बोट दाखवायचं. त्यानंतर नुसतं बघायचं. आणि एक दिवस ताई मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहते. आमच्या शिकवण्याचं मोठं कसब हात पुढे करण्यात नाही, तो कधी आणि किती मागे घ्यायचा यात आहे. घाईने काढला तर मूल गोंधळतं. काढायला उशीर केला तर ते हाताची वाट बघायला शिकतं.

आता सकाळी सव्वासातची वेळ आठवा. व्हॅन कोपऱ्यावर आलेली, डबा भरायचा राहिलेला, आणि तुमचं लेकरू हातात पॅन्ट धरून उभं. तुम्ही अर्ध्या मिनिटात पॅन्ट चढवता आणि त्याला दाराबाहेर काढता. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण मूल यातून धडा घेतं. स्वस्थ उभं राहिलं की पॅन्ट आपोआप चढते, हे त्याच्या पक्कं लक्षात येतं. शाळेत आम्ही जो हात महिनोन्महिने मागे घेतला, तो घरी प्रेमापोटी परत त्याच्या मनगटावर येऊन बसतो.

म्हणून सकाळ सोडून द्या. सकाळी खुशाल तुम्हीच घाला. रविवारची अंघोळ किंवा रात्री झोपण्याआधीचे कपडे, असा एक निवांत वेळ निवडा. त्या वेळी ताईने सांगितलेली एकच पायरी मुलाकडे सोडा. एकदाच, मोजक्या शब्दांत सांगा, आणि मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आमच्या पुष्कळ मुलांना ऐकलेलं आत पोचायला आणि हात हलायला वेळ लागतो. तिसऱ्या सेकंदाला तुम्ही परत सांगितलंत, तर त्याची आतली जुळवाजुळव मोडते आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दहापर्यंत मोजणं किती लांब वाटतं, ते करून बघाच. बाबांना तर ते फारच जड जातं, असा माझा अनुभव. आजीची गोष्ट आणखी वेगळी. "एवढंसं पोर, त्याला कशाला छळता?" असं म्हणत ती पॅन्ट चढवून मोकळी होते. आजीला कसं समजावायचं हे विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमात नाही, पण असायला हवं होतं. माझा उपाय असा की, आजीला एक दिवस वर्गात बोलवायचं आणि नातवाने स्वतः ताट उचलून नेलेलं दाखवायचं. पुढचं काम ती स्वतःच करते, आणि मग बाकीच्या घराला तीच दटावते.

शब्दांचंही असंच. शाळेत आम्ही म्हणतो, "बस." घरी आई म्हणते, "अरे बाळा, जरा नीट बैस ना", बाबा म्हणतात, "सिट डाऊन", आणि शेजारचे काका हिंदीत. मुलाने कुणाचं ऐकायचं? ताईला विचारा, तुम्ही कोणता शब्द वापरता? तोच घरातल्या सगळ्यांनी वापरायचा. बोलता न येणाऱ्या मुलाला आम्ही चित्रं देतो. पाण्याचं चित्र दाखवलं की पाणी मिळतं. ती चित्रं दप्तरातून घरी येतात आणि दप्तरातच राहतात, कारण "आम्हाला त्याचं न बोलताच कळतं". कळतं, हे खरं. पण उद्या मावशीला, कंडक्टरला, दवाखान्यातल्या सिस्टरला कळायला हवं ना? फ्रीजवर पाण्याचं चित्र चिकटवा, आणि त्याने बोट लावल्याशिवाय बाटली काढू नका.

तिसरी गोष्ट शाळेला चार भिंतींत करताच येत नाही. वर्गात दहाची नोट ओळखणारा मुलगा भाजीवाल्यापुढे नुसता उभा राहतो, हे तुम्ही पाहिलं असेल. खोट्या नोटांनी खेळलेलं दुकान त्याच्यासाठी वेगळं आणि भद्रकालीतला बाजार वेगळा. आवाज वेगळा, वास वेगळा, मागून धक्का देणारी माणसं वेगळी. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. आमच्या मुलांची मुख्य अडचण अनेकदा हीच असते, आणि लोक तिला "विसरला" म्हणतात. तेव्हा गर्दीच्या बाजारात नेऊ नका. आधी गल्लीतला ओळखीचा दुकानदार. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की हा येईल, एकच वस्तू मागेल, तुम्ही थोडं थांबा. दर वेळी तीच वस्तू, तीच नोट. तुम्ही दोन पावलं मागे. चार-सहा आठवड्यांनी वस्तू बदला. सिटीलिंकच्या बसचंही तसंच करा. दुपारची, रिकामी बस, एकच मार्ग, उतरायचा थांबाही एकच.

आता ज्यावर आपण एकमेकांशी नीट बोलत नाही, त्या विषयाकडे येते. मूल मारतं, चावतं, स्वतःचं डोकं आपटतं. आम्ही डायरीत लिहितो आणि तुम्हाला ती तक्रार वाटते. "घरी तर असं कधीच करत नाही," हे वाक्य प्रत्येक विशेष शिक्षिकेने ऐकलेलं असतं. कधी ते खरंही असतं. घरी कुणी काही करायलाच सांगत नाही, मग चिडायचं कशाला? पण आम्हाला शोधायचा असतो तो गुन्हेगार नव्हे, कारण. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी टिपतो. आदल्या क्षणी काय घडलं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर लगेच त्याला काय मिळालं. मोबाईल काढून घेतला, जमिनीवर लोळला, मोबाईल परत मिळाला. या तीन ओळींत रोगही आहे आणि औषधही. लोळण्याने मोबाईल मिळतो, हे त्याला आपणच शिकवलं. आता बोट दाखवून "दे" अशी खूण केली की मिळतो, हे शिकवायचं, आणि लोळल्यावर द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात लोळणं अनेकदा वाढतं. पूर्वी चालणारी युक्ती चालेना की आधी जोर लावून पाहिलं जातं. नेमक्या याच आठवड्यात घरचे हार मानतात, आणि मूल शिकतं की जास्त जोर लावायला हवा.

कारण कधी वर्गात नसतंच. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आवाज सहन न होणारी आमची काही मुलं रात्र रात्र जागी असतात. रंगपंचमीला आपल्याकडे रंगाच्या पाण्याच्या रहाडी उघडतात, जुन्या नाशकात गर्दी उसळते, घराघरांत पाहुणे येतात. दुसऱ्या दिवशी मूल वर्गात शेजारच्याला ओरबाडतं, आणि ताई बिचारी ठोकळे बदलून, जागा बदलून बघत बसते. तिला एवढंच कळायला हवं होतं, "रात्री झोपला नाही." फिट्सच्या गोळीचा डोस बदलला, बाबा बाहेरगावी गेले, घरात भांडण झालं, दोन दिवस पोट साफ नाही. डायरीत एक ओळ लिहा. भांडण कशावरून झालं ते आम्हाला नको आहे. झालं, एवढं पुरे. आणि गोळी चुकली असेल तर ते लपवू नका. तुम्हाला रागावण्यासाठी कुणी विचारत नाही. वर्गात फिट आली तर काय करायचं, याची आम्हाला तयारी ठेवायची असते.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आता आईनेच शिक्षिका व्हायचं? नाशिकला याचं उदाहरण आहे, आणि फार मोठं आहे. रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या विशेष मुलामुळे तशा इतर मुलांचाही विचार केला आणि 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. अपंगांच्या हक्कांचा पहिला केंद्रीय कायदा 1995 चा, म्हणजे तब्बल 18 वर्षांनंतरचा. तोपर्यंत शाळेत घेतलं नाही तर जाब विचारायची सोयही नव्हती. गावात अशी शाळा एका आईने उभी केली, याचा आम्हा नाशिककरांना अभिमान आहे. पण म्हणून प्रत्येक आईच्या खांद्यावर मी हे ओझं टाकणार नाही. घराची शाळा करू नका. दिवसभर कार्ड दाखवणारी, प्रत्येक घासाला शिकवणारी आई मुलाला नको असते, आणि ती स्वतःही वर्षभरात थकून बसते. आठवड्याला एक गोष्ट, दिवसातून एक वेळ. बाकी वेळ कुशीत घ्या, गाणी लावा, मिसळ खायला न्या.

आणि ताईंचं काय? एका आईने मला परवा म्हटलं, "तुम्ही देवमाणसं आहात." प्रेमाने म्हटलं, पण मला ते नको वाटतं. देवमाणसाला पगार वेळेवर लागत नाही, रजा लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, आणि वर्गात किती मुलं कोंबली तरी चालतात. आम्हाला हे सगळं लागतं. साध्या शाळांमधल्या विशेष मुलांसाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये प्रमाण ठरवून दिलं. पहिली ते पाचवीत 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत 15 मुलांमागे एक. तुमचं मूल जवळच्या साध्या शाळेत जात असेल, तर पालकसभेत विचारा, आपल्या शाळेत विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात? समग्र शिक्षा योजनेतल्या कितीतरी विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षं कंत्राटावर वाड्या-पाड्या पालथ्या घातल्या. त्र्यंबक-पेठच्या बाजूला घरी जाऊन शिकवणं म्हणजे निम्मा दिवस रस्त्यातच. विशेष शिक्षक किती वेळा येतात, हा प्रश्न शिक्षकांनी विचारला की ती मागणी ठरते. पालकांनी विचारला की उत्तर द्यावं लागतं.

आमच्या कामात निकाल उशिरा येतात. वर्षभराने एक मूल स्वतः चमचा धरतं, आणि त्या दिवशी त्याचा पालक फाटकाशी म्हणतो, "अजून लिहीत नाही का हो?" अशा संध्याकाळी नव्या मुली नोकरी सोडायचा विचार करतात, खरंच करतात. त्यांना हार-गुच्छ नकोत. "काल पाहुण्यांसमोर त्याने स्वतःहून पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं," असं एक वाक्य डायरीत लिहा. ते शिक्षकखोलीत मोठ्याने वाचलं जातं.

कागदपत्रांचं भरभर सांगते. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, 1 लाखापर्यंतची. आणि मूल 18 चं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. सतरावं संपत आलं की आमच्याशी बोला.

एक काम मात्र आतापासून हवं. 2015 च्या सिंहस्थाची गर्दी तुम्हाला आठवत असेल. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं आहेत, आणि हरवलेलं आमचं मूल नाव सांगू शकतंच असं नाही. शाळेत आम्ही गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढून दाखवायला शिकवतो. कुणी "नाव काय?" विचारलं की कार्ड पुढे धरायचं. ताईने विचारलं की दाखवतो, पण अनोळखी माणसाने विचारल्यावर दाखवेल का, हे तुम्हालाच पाहावं लागेल. वॉचमनकाकांना, दूधवाल्याला, चौकातल्या पोलीसदादांना विनंती करून विचारायला सांगा. मूल थांबलं तर तुम्ही कार्ड काढू नका, दहापर्यंत मोजा. आणि त्या कार्डावरचा मोबाईल नंबर अजून चालू आहे ना, तेवढं आजच बघून घ्या. मागच्या वर्षी काही जणांनी सिम बदललंय.